सुहैली आणि गाडीचं चाक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी स्मरणिकेसाठी लिहून देताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, ‘तू अठ्ठावीस वर्षं जहाजावर होतास, तर समुद्रावर काहीतरी बोल. वीस मिनिटं. लोकांना कंटाळा येऊ देऊ नको.’ आता लोहाऱ्यात समुद्रावर काय बोलायचं? आपल्या गावापासून मुंबईचा किनारा साडेसहाशे किलोमीटरच्या वर. आपण ज्या पाण्यात पोहायला शिकलो ते पाणी एप्रिलमध्ये आटायचं. मोठ्या जहाजांच्या गोष्टी सांगितल्या तर त्या इंजिनाच्या, तेलाच्या आणि पगाराच्या होतील. त्या मी घरी पुष्कळ सांगितल्या आहेत आणि घरच्यांना पाठ आहेत. म्हणून आज एका लहान होडीबद्दल बोलणार आहे. ती मी चालवलेली नाही. एकदाच पाहिली, तीही पाण्याबाहेर. पण तिच्याबद्दल आपल्या गावातल्या एका माणसाला जे कळलं होतं, ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं आहे.

त्याआधी एक कबुली. आठवीत आपल्याकडून एक फॉर्म भरून घेतला होता. त्यात ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना होता. माझे वडील सुतार, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक. शाळेचे बाक त्यांनीच दुरुस्त केलेले, ऑफिसच्या दाराची सागवानी चौकट त्यांच्याच हातची. तरी मी लिहिलं, ‘ठेकेदार’. यवतमाळहून नवी आलेली दोन-तीन मुलं शेजारी बसली होती, त्यांच्यासाठी. वर्गशिक्षकांनी फॉर्म वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि गठ्ठ्यात ठेवून दिला. काही बोलले नाहीत. ते रागावले असते तर मी विसरून गेलो असतो.

वडिलांचं मुख्य काम गाड्यांचं. बाभळीचं चाक, मधला तुंबा, त्यात बसवलेले आरे, वरून पुठ्ठे आणि त्यावर लोखंडी धाव. धाव चढवायची असली की लोहार गोवऱ्यांच्या जाळात ती लालभडक करायचा, चाकावर टाकायचा आणि वरून बादल्या ओतायच्या. चर्रर्र आवाज, वाफ, आणि लोखंड आवळलं की लाकडाचा एक करकर आवाज. ते पाहायला आपण शाळा बुडवून जात होतो. उन्हाळ्यात मात्र उलटा प्रकार. वैशाखात लाकूड सुकून आकसायचं, आरे खुळखुळायचे, धाव निसटायला यायची. मग चाक काढून दोन दिवस पाण्यात टाकायचं. लाकूड फुगून पुन्हा घट्ट. हे काम माझ्याकडे असायचं आणि समोर बसलेल्यांपैकी दोघांनी माझ्याबरोबर नाल्याच्या डोहापर्यंत चाक लोटत नेलेलं आहे. एकदा ते उतारावर हातातून सुटलं आणि कोणाच्या वाडीत शिरलं, हेही त्यांना आठवत असेल. वाडीवाल्याचं नाव मी अजूनही घेणार नाही.

१९८१ मध्ये पॉलिटेक्निक संपवून मी शकुंतलेत बसलो. यवतमाळहून मूर्तिजापूरला पोचेपर्यंतच अर्धा दिवस गेला, तिथून मोठ्या गाडीने मुंबई. निघताना वडील एवढंच म्हणाले, ‘लोखंडात जाऊन राहिला तू. ठीक आहे.’ पुढे एका गोदीत शिकाऊ, मग बोटीवर पाचवा इंजिनियर, चौथा, असं करत वर गेलो. आमची तेलवाहू जहाजं पाऊण-पाऊण फर्लांग लांब. लाकडाचा संबंध जेवणाच्या टेबलापुरता.

त्या जहाजांवर एक छोटी लायब्ररी असते. कोणीतरी सोडून गेलेली जाडजूड पुस्तकं, शेवटची पानं फाटलेली. त्यात मला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाचं ‘अ वर्ल्ड ऑफ माय ओन’ हे पुस्तक मिळालं. न थांबता, कुठल्याही बंदराला न लागता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा जगातला पहिला माणूस. १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधल्या फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. ३१२ दिवस. हे मला ऐकून माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे की त्याची होडी आपल्या मुंबईची. कुलाब्यात बांधलेली. भारतीय सागवानाची. आणि बांधणारे आपले सुतार.

होडीचं नाव सुहैली. इराणच्या आखातात वाहणाऱ्या एका वाऱ्याला अरब खलाशी हे नाव देतात. नॉक्स-जॉन्स्टन तेव्हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता, मुंबई ते आखात अशा फेऱ्या करायचा. अरबीत ‘सुहैल’ हे एका ताऱ्याचंही नाव आहे. तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणारा अगस्त्य ऋषी! आपल्याकडे थंडीच्या रात्री दक्षिणेला, क्षितिजापासून थोडा वर, व्याधाच्या खाली तो दिसतो. भूगोलाच्या सरांनी आपल्याला शाळेच्या मैदानातून दाखवला होता. अर्धा वर्ग तेव्हा शेंगा खात होता.

ही होडी बांधायचं ठरलं तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनने इंग्लंडमधून नकाशे मागवले. मागवले एका होडीचे, आले दुसरीचेच. त्याला जरा नव्या धाटणीची हवी होती. आलेला नकाशा होता विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन माणसाने १९२० च्या दशकात काढलेल्या ‘एरिक’ नावाच्या होडीचा. आणि तिचंही मूळ त्याहून जुनं. नॉर्वेमध्ये कॉलिन आर्चर नावाचा एक बांधकाम करणारा होऊन गेला. कोळ्यांच्या होड्या वादळात सापडल्या की त्यांना सोडवायला जाणाऱ्या होड्या तो १८९० च्या दशकात बांधत असे. म्हणजे सगळे परत येतात तेव्हा जिने बाहेर जायचं, तिची ही वंशावळ. नकाशा बदलून मागवायला वेळ नव्हता, म्हणून यांनी तोच घेतला.

ती आकाराने किती, तर आपल्या सातवीच्या वर्गाची खोली आठवा. त्याहून सात-आठ फूट लांब आणि रुंदीला निम्मी. डेकची लांबी सुमारे ३२ फूट, रुंदी ११. दोन डोलकाठ्या, पुढची मोठी, मागची लहान. पुढचं टोक निमुळतं तसंच मागचंही निमुळतं, त्यामुळे मागून येणारी लाट आपटत नाही, दुभंगून जाते. आणि खाली पुढपासून मागपर्यंत लांबच लांब कणा. हल्लीच्या वेगवान होड्यांना माशाच्या पंखासारखा आखूड कणा असतो. त्या चटकन वळतात, पण हात सोडला की भरकटतातही चटकन. सुहैलीचं तसं नाही. नांगर एकदा तासात बसला की बैल थोडा इकडेतिकडे झाला तरी तास सोडत नाही, तशी ती. वळायला जड, पण धरलेली दिशा सोडत नाही.

बांधकाम जुन्या हत्यारांनी झालं. वाकसाने तासणं, धनुष्याच्या दोरीने फिरवायच्या गिरमिटाने भोकं पाडणं. हे वाचलं आणि पुस्तक खाली ठेवलं, कारण ते गिरमिट आमच्या घरी खुंटीला होतं. लहानपणी त्याची दोरी मी पतंगासाठी काढून घेतली होती आणि मार खाल्ला होता. १९६४ च्या डिसेंबरात होडी पाण्यात उतरली, तीही बाटली फोडून नाही, आपल्या पद्धतीने नारळ फोडून.

सागाबद्दल या जिल्ह्यात मी काय सांगावं! सुहैलीतला साग आपल्या जंगलातला होता असा माझा दावा नाही, पण जात तीच. सागात तेल असतं, त्यामुळे पाणी आणि कीड दोन्ही लवकर शिरकाव करत नाहीत, आणि त्यात ठोकलेलं लोखंड इतर लाकडांइतकं गंजत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी दोनशे वर्षांपूर्वी सागाची लढाऊ जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे. वडिलांची सागाविरुद्ध एकच तक्रार असायची, ‘धार खाते.’ पटाशी दिवसातून चारदा घासावी लागे.

१९६५ च्या डिसेंबरात नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र मुंबईहून निघाले. वाटेत पैसे संपले, तर दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकऱ्या केल्या, आणि मग केप टाऊनपासून थेट लंडन. पुढे १९६८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत जाहीर केली. याला नवी, मोठी, पोलादी होडी बांधायची होती. पैसे कोणी देईना. तेव्हा नाइलाजाने तो मुंबईच्या होडीतून निघाला. या होडीच्या नशिबात सगळं नाइलाजानेच आलं, असं मला कधी कधी वाटतं.

नऊ जण निघाले. परतला हा एकटाच. एक वेगवान होडी घराच्या हजारेक मैलांवर येऊन फुटली. एक फ्रेंच खलाशी जिंकण्याच्या बेतात होता, त्याला घरी यावंसंच वाटेना, तो ताहितीला निघून गेला. डोनल्ड क्रोहर्स्ट नावाचा एक जण खोटे मुक्काम कळवत राहिला आणि शेवटी त्याची होडी रिकामी सापडली. त्याच्या बायकामुलांना नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या बक्षिसाचे पाच हजार पौंड देऊन टाकले. सुहैलीचा सरासरी वेग किती होता? काढला तर चार नॉट, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर. आपल्या शंकरपटातल्या शेवटच्या नंबरच्या जोडीनेही हसावं.

या प्रवासातला एकच प्रसंग सविस्तर सांगतो. निघून काही आठवडेच झाले होते, होडी अटलांटिकमध्ये, आणि आत पाणी येऊ लागलं. खाली कण्याजवळ फळ्यांची सांध उघडली होती. लाकडी होडीच्या दोन फळ्यांमध्ये फट असतेच. तिच्यात कापसाची वात ठोकून बसवतात आणि वरून लांबी भरतात. हा माणूस पाण्यात उतरला, पृष्ठभागाखाली पाच फूट, श्वास रोखून. हातोडी घेऊन कापूस ठोकायचा, श्वास संपला की वर, पुन्हा खाली. पांढरं अंग शार्कला दिसू नये म्हणून गडद रंगाचा शर्ट आणि जीन्स घातलेली. नुसता कापूस टिकेना, तेव्हा त्याने किंतानाच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं, तांब्याच्या चुकांनी पट्टी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा. मधे शार्क खरंच आला. याने होडीवर चढून त्याला गोळी घातली आणि पुन्हा पाण्यात उतरला.

हे मी इंजिन रूमच्या शिफ्टनंतर वाचत होतो, ४५ डिग्रीत. आणि मला हसू आलं. सागाची फळी आणि मधे कापूस! यवतमाळ जिल्ह्याच्या बाहेर या दोन गोष्टींवर एवढं कोणी अवलंबून राहिलं असेल का?

पुढचं थोडक्यात. सप्टेंबरात दक्षिणेच्या समुद्रात होडी आडवी पडली, केबिन जागची हलली, टाक्यांतलं पिण्याचं पाणी खराब झालं. पावसाचं पाणी शिडातून गोळा करून तो राहिला. आपोआप सुकाणू धरणारं यंत्र ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून गेलं. इथे तो लांब कणा कामाला आला. शिडं एकमेकांशी जुळवून ठेवायची, सुकाणू बांधून टाकायचं आणि झोपायचं. होडी आपली आपण चालत राहायची. न्यूझीलंड सोडल्यावर नोव्हेंबरपासून साडेचार महिने त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. मग अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने त्याला ओळखलं. तेलवाहू म्हटल्यावर माझी मान जरा ताठ झाली, हे कबूल करतो. फाल्मथला कस्टमवाले होडीवर चढले, नियमाप्रमाणे विचारलं, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून.

‘गरजणारे चाळीस’ असं आपल्याला भूगोलात होतं. दक्षिण गोलार्धात चाळीस अंशांखाली जमीन अडवायला नाही, म्हणून पश्चिमेचा वारा पृथ्वीभोवती सुसाट फिरतो. मी एका गुणासाठी पाठ केलं होतं. पुढे केप ऑफ गुड होपच्या खाली आमचं पाऊण फर्लांगाचं जहाज त्या लाटांत वाकताना पाहिलं. पोलादी डेक डोळ्यांना दिसेल असं वाकतं. तिथे वर्गखोलीएवढी होडी, हे मला अजूनही नीट कल्पनेत बसत नाही.

१९९९ मध्ये आमचं जहाज लंडनजवळ टिलबरीला लागलं. एक दिवस सुटी मिळाली. सहकारी खरेदीला गेले, मी ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात. सुहैली तिथे ठेवलेली होती, छताखाली, पाण्याबाहेर. मी तिच्याभोवती दोन-तीन चकरा मारल्या. पहिली गोष्ट मनात आली ती, एवढीशीच! दुसरी, मागच्या टोकाची गोलाई. फळी अशी वळवून दोन्हीकडून सारखी आणून मिटवायची म्हणजे काय, हे सुताराच्या पोराला कळतं, मग त्याने फॉर्मवर काहीही लिहिलेलं असो. मी खाली वाकून फळ्यांच्या सांध्यांकडे पाहत राहिलो. सांधे उघडू लागले होते. बारीक, काळ्या रेघा. पहारेकऱ्याला वाटलं असावं की हा काहीतरी हरवलेलं शोधतो आहे.

संग्रहालयाचा यात दोष नव्हता. कागद, कापड, जुने गणवेश यांना कोरडी, एकसारखी हवाच लागते. होडीला तीच हवा सोसत नाही.

त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहिलं. एरवी माझी पत्रं म्हणजे पैसे पाठवले, प्रकृतीला जपा, एवढंच. हे चार पानी झालं. होडी कोणी बांधली, कुठे बांधली, कोणत्या हत्यारांनी, जगाभोवती कशी गेली, कापूस, तांब्याचा पत्रा, सगळं. चित्रही काढलं. आणि शेवटी लिहिलं की आता ती मोठ्या इमारतीत जपून ठेवली आहे, पण सांधे उघडताहेत. त्या पत्रात मी त्यांना पहिल्यांदा त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं. सदतीस वर्षांचा होतो.

दोन महिन्यांनी, पुढच्या बंदरात, एजंटने टपालाचा गठ्ठा दिला. त्यात कंपनीच्या मुंबई ऑफिसने पाकिटात घालून पुढे पाठवलेलं एक पोस्टकार्ड होतं. वडील चौथी शिकलेले, अक्षर जाड आणि सरळ, रेघ मारल्यासारखं. मजकूर इतकाच:

‘पत्र मिळालं. चित्र चांगलं काढलं. कोठीत ठेवली त फटी पडतीनच, सागही सुकते, उशिरा सुकते इतकंच. त्यांले सांग, चाक पाण्यात टाका. तुझी तब्येत पाय. इकडे कापूस बरा आहे.’

‘होडी’ लिहिलं नाही. ‘चाक’ लिहिलं.

मी कोणाला सांगणार? इंग्लंडमधल्या संग्रहालयाला मी पत्र लिहायचं, की लोहाऱ्याच्या एका सुताराचं म्हणणं असं असं आहे? लिहायला घेतलं होतं. दोन ओळी इंग्रजीत लिहिल्या आणि वाटलं, हसतील. कागद चुरगळून टाकला. आठवीतला तो रकाना अजून मिटलेला नव्हता, असंच म्हणायला हवं.

२००१ मध्ये वडील गेले. मी हिंदी महासागरात होतो, निरोप मिळून घरी पोचायला नऊ दिवस लागले. तुमच्यापैकी अनेक जण तेव्हा माझ्या जागी उभे राहिलात. त्याचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. आज मानतो.

त्यानंतर पुढच्याच खेपेत, कुठल्यातरी नौकानयनाच्या मासिकात बातमी वाचली. नॉक्स-जॉन्स्टनने २००२ मध्ये सुहैली संग्रहालयातून बाहेर काढली. कारण दिलं होतं : तिथल्या हवेत तिच्या फळ्या आकसत होत्या, आणि तिला तशी मरू द्यायची नव्हती. दुरुस्तीला घेतली. पुढे ती पुन्हा पाण्यात गेली, आणि २०१८ मध्ये, त्या सफरीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, फाल्मथला स्वतःच्या शिडांवर हजर होती. मासिक हातात धरून मी बराच वेळ बंकवर बसलो होतो. सांगायला घरी कोणी नव्हतं. आई होती, पण तिने विचारलं असतं, कोणती होडी?

आपल्याकडची पुढची गोष्टही या होडीशी जोडलेली आहे, ती सांगितली पाहिजे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळ विंचुर्णीला राहायचे. तेही आपल्यासारखंच कोरडं गाव. भारतीय माणसाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. त्यातून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते आधी इंग्लंडला जाऊन याच नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली शिकले, आणि मग गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये चार ठिकाणी थांबून प्रदक्षिणा करून आले. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून न थांबता जाऊन आले. म्हादेई मात्र छप्पन्न फुटी, ती लहान म्हणता येणार नाही.

२०१८ मध्ये ती जुनी शर्यत पन्नास वर्षांनी पुन्हा घेतली. नियम जुन्या काळचे. उपग्रहावरून दिशा पाहायची नाही, सूर्य-तारे मोजून जायचं, होड्या लहान आणि लांब कण्याच्या. टॉमींसाठी दांडेकरांनी दिवारला सुहैलीच्याच घडणीची होडी बांधली. नाव ‘तुरीया’. जागृती, स्वप्न, सुषुप्ती यांच्या पलीकडची चौथी अवस्था. आपल्या कीर्तनकारांच्या तोंडी असणारा शब्द. मला फार आनंद झाला होता. आणि २१ सप्टेंबर २०१८ ला, दक्षिण हिंदी महासागरात, तिसऱ्या क्रमांकावर असताना, वादळात तुरीया पूर्ण गिरकी खाऊन उलटली. दोन्ही डोलकाठ्या मोडल्या. टॉमींचे मणके तुटले. तीन दिवस ते हलता न येता आत पडून होते. २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं.

म्हणून सुहैलीचं कौतुक करताना मी आवरतं घेतो. घडण चांगली होती म्हणून ती आली, हे खरं. पण तीच घडण, तोच समुद्र, आणि दुसरी आली नाही. वडील म्हणायचे, गाडी चांगली असली तरी नाला पाहून घालावी. टॉमी पाठीत सळ्या घालून पुन्हा चालायला शिकले आणि २०२२-२३ च्या शर्यतीत दुसऱ्या होडीतून दुसरे आले, २३६ दिवसांनी. त्याला काय म्हणावं मला कळत नाही. मला गुडघेदुखीने खुर्चीत बसवत नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहते. नॉक्स-जॉन्स्टनचं नाव नौकानयन करणारा प्रत्येक माणूस जाणतो. अ‍ॅटकिनचं नाव जाणकार सांगतात. दांडेकरांचं नाव तर वर्तमानपत्रांत आलं, ते फार चांगलं झालं. पण १९६४ मध्ये कुलाब्यात ज्यांनी वाकस चालवला, त्यांची नावं मी निरनिराळ्या बंदरांत ज्यांना ज्यांना विचारली, त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. त्यांच्याही मुलांनी कुठल्या फॉर्मवर काय लिहिलं असेल, असं मनात येतं.

वेळ संपत आला, घंटा वाजवणारे तयारीत दिसतात. संयोजकांना दोन विनंत्या. एक, मागच्या व्हरांड्यात जुने सागवानी बाक टिनाला टेकवून ठेवले आहेत, त्यांवर दुपारचं ऊन येतं. सकाळी मी पाहिले. दोघांचे सांधे सुटले आहेत. ते आत घ्या. मी अजून चार दिवस गावात आहे, वडिलांची पटाशी आणली आहे, मला जमेल तेवढं करून देतो. रंधा मात्र कोणाकडे असेल तर लागेल.

दुसरी, शाळेच्या जुन्या कागदांत १९७५ च्या आठवीचे फॉर्म असतील तर माझा काढून द्या. एक शब्द खोडायचा आहे. मुख्याध्यापक म्हणतात की रेकॉर्डमध्ये खाडाखोड चालत नाही. तसं असेल तर निदान बाजूला शेरा लिहू द्या.

ते पोस्टकार्ड मी बरोबर आणलं आहे. चहाच्या टेबलाशेजारी ठेवतो. कडा झिजल्या आहेत, ओल्या हातांनी धरू नका.